एलियमला नुसती पात, दांडाच नाही! मदत हवी आहे

मंडळी, मी न्यू जर्सीत राहते. इथे हरणांचा इतका सुळसुळाट आहे की ट्यूलिप कळी धरायच्या आत फस्त होतात. एलियम हे कंदापासून येणारं फुलझाड, कांद्या-लसणाच्या खानदानातलं, त्या वासामुळे हरणं सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणून ‘पर्पल सेन्सेशन’ आणि ‘ग्लॅडिएटर’ असे दोन प्रकार लावले. (सासूबाईंना अजून वाटतं की त्या पातीचा झुणका व्हायला हवा होता.)

पहिल्या मे महिन्यात दोन्ही मस्त फुलले. ग्लॅडिएटरचे छातीभर उंच दांडे आणि वर नारळाएवढे जांभळे गोंडे! यंदा पर्पल सेन्सेशन छान आलंय, पण ग्लॅडिएटर रुसलंय. वाकून पाहिलं तर रुंद पानांच्या एका झुबक्याऐवजी एकेका जागी तीन-तीन बारके झुबके, आणि मधे दांड्याचा पत्ता नाही.

ऊन सहा तास तरी मिळतं. माती चिकण. वाफा लॉनला लागून आहे, त्यामुळे उन्हाळाभर स्प्रिंकलरचं पाणी पडतं. पात हिरवी असताना कधीच कापली नाही. आता कंद उकरावेत की आहेत तसे राहू द्यावेत? नवीन घ्यायचे तर हे मोठे कंद चांगलेच महाग पडतात हो.

प्रतिसाद: ताई, कंद फुटून त्याची पिल्लं झाली आहेत. ती पोसली जाईपर्यंत फूल धरणार नाहीत, एक-दोन वर्षं जातील. पण माझा खरा संशय स्प्रिंकलरवर आहे. या मोठ्या एलियमांचं माहेर इराण-मध्य आशियाकडचं. तिकडे हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. पात वाळली की कंद झोपतो, तेव्हा चिकणमातीत पाणी मुरत राहिलं तर तो कुजतो.

आत्ता हात लावू नका, पातीतूनच कंद भरतोय. जूनअखेर ती पूर्ण पिवळी पडली की बागकामाच्या काट्याने (गार्डन फोर्क) उकरा, फावड्याने कंद चिरले जातात. मऊ लागतील ते फेकून द्या. टणक असतील ते आपण कांदे ठेवतो तसे जाळीच्या पिशवीत, हवेशीर गॅरेजमध्ये टांगा. ऑक्टोबरमध्ये स्प्रिंकलरपासून लांब, थोड्या उंचवट्यावर, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावा. पिल्लं वेगळ्या कोपऱ्यात. घरात कुत्रा-मांजर असेल तर कंद त्यांच्या तोंडी लागू देऊ नका, विषारी असतात.

धागाकर्ती: धन्यवाद! घराच्या दक्षिणेला उतार आहे, तिथे स्प्रिंकलर पोचत नाही. तिथेच हलवते. फुलं येता येता पात पिवळी पडून कळाहीन दिसते, त्याला काही उपाय?

प्रतिसाद: पुढच्या रांगेत कॅटमिंट (पुदिन्याच्या जातकुळीतलं झुडूपवजा फुलझाड) लावा. मे महिन्यात ती फुगून पसरते आणि पिवळी पात झाकली जाते. तिलाही हरणं तोंड लावत नाहीत.

आणखी एक प्रतिसाद: पुण्यात गच्चीवर येईल का हे?

प्रतिसाद: ग्लॅडिएटर नाही येणार, त्याला दोन-तीन महिने कडाक्याची थंडी लागते. हौसच असेल तर कुंडीत गार्लिक चाइव्ह्ज (लसणाच्या वासाची पात) लावा. पांढरी, चांदणीसारखी फुलं येतात आणि पात खाताही येते.