ह.भ.प., प.पू. आणि प.प. यात नक्की फरक काय?

नाशिककर:
गावच्या सप्ताहाची पत्रिका माझ्याकडे आलीये टाईप करायला, कीर्तनकारांच्या नावामागे ह.भ.प. लिहायचं ते माहितीये पण एक संन्यासी स्वामीजी पण येणारेत, त्यांना काय लावू? प.पू. की प.प.? कुणाचा मान कमी व्हायला नको.

वारकरी_आळंदी:
ह.भ.प. म्हणजे हरिभक्त परायण. कीर्तनकार, प्रवचनकार यांना लावतात, त्यासाठी संन्यास वगैरे लागत नाही, संसारी माणूसच असतो बहुतेकदा. मला विचाराल तर आमच्यात सगळ्यात मोठा शब्द माऊली, ज्ञानोबारायांनाही तोच आणि वारीत शेजारी चालणाऱ्या अनोळखी माणसालाही तोच. 'माऊली, जरा सरका' म्हणतात आणि वयाने मोठा माणूस लहानाच्या पण पाया पडतो, ते बघून दरवेळी भरून येतं.

दत्तभक्त:
प.प. म्हणजे परमहंस परिव्राजकाचार्य, हे संन्याशांसाठी. टेंबे स्वामींचं नाव बघा, प.प. वासुदेवानंद सरस्वती. शेवटचं सरस्वती हे आडनाव नाही बरं का, दशनामी संन्याशांच्या 10 नावांपैकी एक आहे, गिरी पुरी भारती तीर्थ तशी. त्यामुळे स्वामीजींच्या नावापुढे पूर्वाश्रमीचं आडनाव चुकूनही टाकू नका, संन्यास घेतला की ते सुटतं. प.पू. म्हणजे परमपूज्य, ते कुठल्याही आदरणीय व्यक्तीला चालतं. पण सगळ्यात बरं म्हणजे त्यांच्या मठात फोन करून विचारा, ते जसं लिहितात तसंच छापा.

नाशिककर:
आडनाव टाकलं होतं, काढतो लगेच. मठात उद्याच फोन करतो. धन्यवाद माऊली 🙏