शब्दचर्चा : घर ‘असुरक्षित’ की ‘माऱ्यात’? आपत्ती आराखड्यातले दोन अडलेले शब्द

दाभोळखाडी :
दापोली-गुहागरकडच्या काही गावांत आपत्ती आराखड्यासाठी घरोघर पाहणी व्हायची आहे. प्रश्नावली इंग्रजीतून आली, ती मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ‘हॅझर्ड’ला धोका आणि ‘रिस्क’ला जोखीम, इथवर अडचण नाही. घोडं अडलंय ते ‘एक्स्पोजर’ आणि ‘व्हल्नरेबिलिटी’पाशी. आधी कुणीतरी केलेल्या मसुद्यात दोन्हीकडे ‘असुरक्षितता’च ठोकून दिलंय. ‘आपल्या कुटुंबाची असुरक्षितता नमूद करा’ असा प्रश्न. एका आजींना वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, “नाय गो, आमच्याकडं चोऱ्याबिऱ्या होत नाहीत.”

मला हवा असलेला फरक असा. खाडीकाठाला दोन घरं, उधाणाचं पाणी दोघांच्याही अंगणात येतं. ‘एक्स्पोजर’ दोघांचं सारखंच. पण एक घर चिऱ्याचं, जोतं उंच, घरात कर्ती माणसं. दुसरं मातीचं, आणि आत एकटी म्हातारी, तिला गुडघ्यांमुळे चालवत नाही. पाणी तेवढंच येईल, नुकसान तेवढंच होणार नाही. ती दुसरी गोष्ट म्हणजे ‘व्हल्नरेबिलिटी’. दोन्हींना वेगळे शब्द हवेत आणि ते आजींना कळायला हवेत. सुचवा.

काटेकोर :
‘व्हल्नरेबिलिटी’ला ‘भेद्यता’ रूढ होत चाललाय. स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत तोच असतो. ‘एक्स्पोजर’ला ‘अनावरण’ किंवा ‘उद्भासन’.

आणि मसुदा करणाऱ्याला फार दोष देऊ नका. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी पॅनेलच्या २००७ च्या अहवालात ‘एक्स्पोजर’ हा ‘व्हल्नरेबिलिटी’चाच एक घटक धरला होता. उघडं असणं, संवेदनशीलता आणि जुळवून घेण्याची क्षमता, तिन्ही मिळून ती. २०१२ च्या विशेष अहवालापासून त्यांनी मांडणी बदलली. धोका, ‘एक्स्पोजर’ आणि ‘व्हल्नरेबिलिटी’ हे तीन वेगळे धागे झाले आणि तिघांच्या गाठीतून जोखीम. जुन्या मांडणीवर शिकलेला माणूस दोन्हींना एकच शब्द वापरणारच.

दाभोळखाडी :
ही माहिती कामाची, मसुद्याचं कोडं सुटलं. पण ‘भेद्यता’ गावात चालणार नाही हो. ‘अभेद्य’ सगळ्यांना ठाऊक आहे, जंजिरा अभेद्य, सिंधुदुर्ग अभेद्य. ‘भेद्य’ मात्र कुणी कधी बोलताना वापरलेला ऐकला नाही. ‘अनावरण’ म्हटलं की पुतळ्यावरचा पडदा ओढणारे पाहुणे दिसतात.

आणि ‘एक्स्पोजर’ आहे तसाच ठेवावा म्हटलं, तर तो मराठीत भलत्याच अर्थाने स्थिरावलाय. “पोराला मुंबईत जरा एक्स्पोजर मिळेल” असं म्हणतात. चांगली गोष्ट आहे ती!

वाफोली :
‘संवेदनशील’ का नको? सरकारी कागदांत तोच असतो.

चिऱ्याची खाण :
कोकणात? ‘संवेदनशील गाव’ म्हणून बघा नुसतं. पश्चिम घाटावरचा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा. तेव्हापासून इथे ‘संवेदनशील’ म्हणजे घर बांधायला बंदी, खाणीला बंदी, असाच अर्थ लोकांच्या डोक्यात बसलाय. तो बरोबर की चूक हा वाद वेगळा. पण पाहणी करणाऱ्याने अंगणात उभं राहून हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस एकही खरं उत्तर देणार नाही. त्यातून निवडणूक आली की ‘संवेदनशील मतदान केंद्र’ आहेच.

पेठेतला :
मी चिपळूणचा. शब्द नंतर बघू, आधी वस्तू सांगतो.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत. आमच्या ओळीतल्या सगळ्या दुकानांत पाणी एकाच उंचीचं, भिंतीवरची खूण सरळ रेषेत जाते. २००५ च्या २६ जुलैला पाणी कुठवर आलं होतं हे जुन्या लोकांना पाठ होतं. त्या हिशेबाने त्यांनी माल वरच्या फळीवर ठेवला. पाणी फळीच्याही वर गेलं. ज्याच्या दुकानाला पोटमाळा, विमा आणि मालकीची जागा होती तो गणपतीपर्यंत उभा राहिला. ज्याचा गाळा भाड्याचा आणि माल उधारीवर आणलेला, तो संपला. ‘एक्स्पोजर’ एकच, मग दुसरी गोष्ट कोणती ते तुम्हाला कळलं असेल.

मुद्दा असा की हे दोन शब्द एक झाले की उपायही एक होतात. आमच्याकडे पुरानंतर सगळा जोर नदीतला गाळ काढण्यावर होता. उपोषणं झाली, गाळ निघाला, आणि ते हवंच होतं. पण गाळ काढल्याने धोका कमी होतो. पूररेषा आखल्या की माऱ्यात काय आहे ते कळतं. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. त्या आखल्या तेव्हा केवढी ओरड झाली, कारण घराची किंमत पडते. आणि भाड्याच्या गाळ्यातल्या माणसाचं काय, हा तिसरा प्रश्न कुठल्याच रेषेत येत नाही. त्याच्यासाठी शब्दच नाही, म्हणून रकानाही नाही.

दाभोळखाडी :
पेठेतलाभाऊ, तुम्ही सहज ‘माऱ्यात’ लिहून गेलात. तोच का नाही? वाऱ्याच्या माऱ्यात, लाटांच्या माऱ्यात. तोफेच्या माऱ्यात येणं तर जुनंच आहे.

पेठेतला :
लक्षातही आलं नाही. आम्ही बोलतोच तसं.

आकेरी :
आमच्याकडे ‘घर वाऱ्याच्या तोंडार आसा’ म्हणतत. ‘पाण्याच्या तोंडार’, ‘दरडीच्या तोंडाक’. माऱ्यात चालात, पण दरडीचो मारो म्हणूचो नाय कोणी.

काटेकोर :
‘तोंडावर’ला एक अडचण आहे. ‘परीक्षा तोंडावर आली’ म्हणजे वेळेने जवळ. ‘वादळ तोंडावर असलेली गावं’ म्हटलं तर वादळ उद्या येणार असं वाटेल. ‘पाण्याच्या तोंडावरची घरं’ असा क्रम ठेवला तर जागेचाच अर्थ राहतो.

‘उघडेपणा’ कुणी सुचवलेला नाही, तरी सांगून ठेवतो. त्याचं जवळचं रूप ‘उघडीप’. पावसाने उघडीप दिली की कोकणात लोक सुटकेचा श्वास टाकतात. अर्थ बरोबर उलटा.

आगरवाला :
श्रीवर्धनकडून. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच अंगणातून जमिनीवर आलं. त्या दिवशी आगरात जे पाहिलं ते या चर्चेला लागू पडतं. नारळ आणि पोफळ शेजारी शेजारी, वारा दोघांना एकच. नारळ वाकले, काही मुळासकट गेले, बरेच पुन्हा उभे राहिले. पोफळी मात्र मधोमध काडकन मोडल्या, बागाच्या बागा. पोफळ उंच, सडसडीत, खोड बारीक. ती सावलीत आणि गर्दीत वाढते, शेजारची पडली की उरलेली उघडी पडते आणि तीही जाते. नवीन लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. ही झाली झाडाची ‘व्हल्नरेबिलिटी’.

बागायतदाराची वेगळी. मदत आधी हेक्टरी ठरली. आमची आगरं गुंठ्यांत. दहा-पंधरा गुंठ्यांत एका घराचं वर्ष निघतं, हेक्टरच्या हिशेबात तो आकडा हास्यास्पद होतो. झाडामागे मदत द्या म्हणून ओरडावं लागलं. म्हणजे काय मोजायचं हेच चुकलेलं होतं. जमीन किती माऱ्यात आली ते मोजलं, घर कशावर उभं आहे ते नाही.

तर माझा शब्द : सोसणं. ‘या वाडीला वादळ सोसत नाही.’ आमच्याकडे झाडालाही म्हणतात, माणसालाही.

खाजणातला :
‘हळवेपणा’ कसा वाटतो? ‘व्हल्नरेबल’ म्हणजे हळवा.

भरडावरचा :
भाऊ, तुमच्याकडे भातशेती नाही वाटतं. हळवं, निमगरवं, गरवं ही भाताची नावं आहेत. हळवं म्हणजे लवकर तयार होणारं. २०१९ चा ऑक्टोबर आठवा. परतीचा पाऊस, त्यात क्यार वादळ. कापून शेतात टाकलेलं भात भिजलं, उभं होतं ते लोळलं, कोंब आले. ज्याचं हळवं भात त्याआधी घरात येऊन झोडून झालं होतं, तो वाचला. आमच्या हिशेबात हळवा शहाणा! ‘हळवी घरं’ म्हटलंत तर शेतकरी म्हणेल, मग बरंच आहे की.

खाजणातला :
मागे घेतो.

मिरकरवाडा :
मासेमारीवाल्यांचं एक वेगळं आहे, ते तुमच्या फॉर्मात बसतंय का बघा. १ जून ते ३१ जुलै बंदी. निसर्ग ३ जूनला आलं तेव्हा बोटी वर ओढलेल्या, शाकारलेल्या. फयान वादळ आलं नोव्हेंबर २००९ ला, भर हंगामात, होड्या समुद्रात. माणसं गेली. तौक्ते मे २०२१ च्या मध्यावर, हंगाम संपत आलेला, पण इशारा चार दिवस आधी होता म्हणून बहुतेक बोटी बंदरात पोचल्या. बंदर तेच, माणसं तीच, बोटी त्याच. कॅलेंडर बदललं की कोण माऱ्यात आहे ते बदलतं. ‘एक्स्पोजर’ म्हणजे फक्त नकाशावरची जागा नव्हे, जागा आणि दिवस.

आणि भरती. उधाणाच्या दिवसांत वादळ आलं तर पाणी कुठवर येईल आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत कुठवर, यात वाडीभराचा फरक पडतो. फॉर्ममध्ये ‘समुद्रापासून अंतर, मीटर’ एवढंच असेल तर त्याला काही अर्थ नाही.

काटेकोर :
मिरकरवाडा यांचा मुद्दा पक्का. मग सामासिक शब्द सोडून क्रियापदांकडे जावं असं माझंही मत होतंय.

पण ‘-प्रवण’बद्दल बोलायचं राहिलं. पूरप्रवण, दरडप्रवण. संस्कृतात प्रवण म्हणजे मुळात उतार असलेलं, त्यावरून कल असलेलं. दरडीसाठी शब्द चपखल आहे.

पेठेतला :
शब्द चपखल, यादी नाही. १९ जुलै २०२३ ची रात्र, दरड कोसळलेली खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी. ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतीच, विधानसभेत सांगितलं गेलं. प्रवण हे विशेषण डोंगराचं झालं, माणसाचं नाही. ती ठाकर आदिवासींची वस्ती, वर गाडी जात नव्हती, बचावाला गेलेल्यांना भर पावसात अंधारात चढून जावं लागलं, यंत्र वर नेता येईना. समजा ती यादीत असती. तरी ‘वर रस्ता नाही’ हे त्या यादीतल्या कुठल्या रकान्यात असतं? २०२१ ला महाडच्या तळियेतही रस्ते तुटले होते, मदत उशिरा पोचली. दरड हा धोका, डोंगराच्या कुशीत वस्ती हे माऱ्यात असणं, रस्ता नसणं हे तिसरं.

म्हणून मला ‘प्रवण’चा राग आहे. तो तिन्ही गोष्टी एका शब्दात गुंडाळून जिल्ह्याच्या फायलीत ठेवून देतो.

दाभोळखाडी :
हे वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. आपत्ती होऊन गेल्यावरचे शब्द आपल्याकडे रग्गड आहेत. बाधित, ग्रस्त, पंचनामा, सानुग्रह अनुदान. गावातला शाळकरी मुलगाही ‘पंचनामा’ अचूक वापरतो. आधीचे शब्द शोधायला गेलं की ‘संभाव्य पूरग्रस्त’ मिळतो, म्हणजे तोही नंतरचाच शब्द, पुढे ‘संभाव्य’ चिकटवून आधी आणलेला.

तर आता असं करते. अहवालाच्या मथळ्यांना ‘माऱ्यातली वस्ती व मालमत्ता’ आणि ‘सोसण्याची ताकद’. दुसरं मूळ शब्दाच्या उलट बाजूने झालं, पण ‘ताकद कमी/जास्त’ असा रकाना देता येतो. फॉर्ममध्ये मात्र नाम नकोच. प्रश्न असे :

पाणी, वारा, दरड, यांतलं काय तुमच्या घरापर्यंत येतं? कोणत्या महिन्यांत? पाणी असेल तर उधाणालाच की एरवीही?

आलं तर घरातलं कोण स्वतःहून बाहेर पडू शकत नाही? रात्री आलं तर पहिल्यांदा कुणाला हाक माराल? गाडी दारापर्यंत येते का, पावसातही?

सगळं गेलं तर पुन्हा उभं राहायला कशाचा आधार आहे? शेत, बाग, बोट, मुंबईहून येणारे पैसे, विमा, की काही नाही?

आगरवाला :
शेवटच्यात ‘जागा मालकीची की कूळ म्हणून की भाड्याची’ घाला. पंचनाम्याला सातबारा मागतात.

आकेरी :
मुंबयच्या पैशांचो प्रश्न बरो इचारल्यात. पण घरातली माणसां किती ह्या कसा इचारतलात? गणपतीक आमच्या घरात वीस माणसां, जुलयत दोन म्हातारी.

भरडावरचा :
आणि आंबाबागांतले नेपाळी राखणदार. हंगामभर बागेतल्या खोपीत राहतात, बायकापोरांसकट. गावाच्या कुठल्याच यादीत नाहीत. मे महिन्यात वादळ आलं तर तेच सगळ्यात आधी माऱ्यात.

मिरकरवाडा :
बोटीवरचे खलाशीही धरा. बरेचसे बाहेरचे, बोटीवरच झोपतात.

दाभोळखाडी :
म्हणजे ‘कुटुंबातील सदस्यसंख्या’ हा रकाना काढून तिथे तीन रकाने करावे लागतील : पावसात किती, गणपतीत किती, मे महिन्यात किती. प्रश्न असा ठेवते, ‘या जागी रात्री किती माणसं राहतात?’

काटेकोर :
‘राहतात’ नको. ते विचारलं की लोक रेशनकार्डावरची नावं सांगतात. ‘रात्री वस्तीला किती माणसं असतात’ असं विचारा.