शब्दचर्चा : ‘स्मॉल व्हेसल डिसीज’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

नमस्कार. मेंदूच्या ‘सेरेब्रल स्मॉल व्हेसल डिसीज’वरील संशोधनाचा आढावा मी मराठीत लिहीत आहे आणि शीर्षकापाशीच अडलो आहे. ‘लहान रक्तवाहिनी रोग’, ‘सूक्ष्मवाहिनी विकार’ आणि ‘लघुवाहिनी आजार’ असे तीन पर्याय सुचले, पण एकही मनाला पटत नाही. ‘लॅक्यून’, ‘व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटी’ आणि ‘रिसर्च ट्रेंड्स’ यांसाठीही नेमके शब्द हवे आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपल्या तीन पर्यायांतील ‘विकार’ हा शब्द मी निःशंकपणे ठेवीन. ‘आजार’ म्हटले की आजारी पडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘रोग’ शब्दाला संसर्गाची छटा चिकटलेली आहे. इथे मात्र अनेकांना वर्षानुवर्षे काहीही जाणवत नाही आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये हा बदल प्रथम दिसतो. अवयवाच्या रचनेत किंवा कार्यात आलेल्या बिघाडाला आपण हृदयविकार, मूत्रपिंडविकार असे म्हणतच आलो आहोत.

अडचण ‘स्मॉल’ची आहे. ‘लहान’ हा शब्द वय, आकार, लांबी अशा सगळ्यांना लागतो आणि ‘लहान रक्तवाहिनी रोग’ हे घाईने वाचणाऱ्याला ‘लहानसा रोग’ असे वाटण्याचा धोका आहे. हा विकार लहानसा नाही. पक्षाघाताच्या झटक्यांचा मोठा वाटा त्याच्यामुळे असतो आणि स्मृतिभ्रंशाच्या प्रमुख कारणांतही तो मोडतो. ‘सूक्ष्म’ म्हटले की सूक्ष्मदर्शक आणि सूक्ष्मजीव आठवतात. केशवाहिन्यांना ते लागू पडते, पण मेंदूच्या खोल भागात शिरणाऱ्या बारीक रोहिण्यांपैकी काही नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतक्या असतात. ‘लघु’ला कथा आणि उद्योग यांची सवय आहे, वाहिन्यांची नाही.

माझे मत ‘बारीक’ या शब्दाला आहे. दोरा बारीक असतो, पाण्याची धार बारीक असते, तार बारीक असते. म्हणजे जाडी किंवा व्यास कमी असल्याचा नेमका अर्थ हा शब्द देतो, आणि इथे प्रश्न व्यासाचाच आहे. तेव्हा ‘मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांचा विकार’ असे लिहावे. अनेकवचन आवर्जून ठेवावे, कारण एक वाहिनी बिघडल्याची ही गोष्ट नाही. रोहिणिका (बारीक धमन्या), केशवाहिन्या आणि नीलिका (बारीक शिरा) हे सगळे जाळेच त्यात येते.

‘नस’ मात्र टाळावी. ‘नस सापडत नाही’ म्हणताना आपल्याला नीला अभिप्रेत असते आणि ‘नस दबली’ म्हणताना मज्जातंतू. ‘मेंदूच्या बारीक नसांचा विकार’ असे लिहिले, तर वाचक तंतूंचाच विचार करील.

प्रतिसाद

वरील विवेचनाशी सहमत आहे. ‘व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटी’बद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हा शब्द आमच्या घरात शिरला होता. आत्याच्या एमआरआयच्या अहवालाचा अर्थ तिला कोणीतरी ‘मेंदूत पांढरे डाग आहेत’ असा सांगितला. तिने दोन दिवस कोणाशी धड बोलणे केले नाही आणि तिसऱ्या दिवशी मला हळूच विचारले, “मेंदूलासुद्धा कोड येतं का रे?” मराठी कानाला पांढरा डाग म्हणजे काय वाटते, हे सांगणाऱ्याच्या ध्यानातच आले नव्हते.

शिवाय तो शब्द वस्तुतःही अपुरा आहे. एमआरआयच्या ठरावीक प्रतिमांत जो भाग पांढरा दिसतो, तोच सीटी स्कॅनमध्ये आजूबाजूपेक्षा गडद दिसतो. पांढरेपणा हा प्रतिमेचा गुण आहे, मेंदूवर पडलेला डाग नव्हे. यंत्राने केलेल्या भाषांतरांत आढळणारी ‘श्वेत पदार्थ अतितीव्रता’ तर काहीच सांगत नाही, कारण इथे ‘इंटेन्सिटी’ म्हणजे संकेताचा उजळपणा. मी ‘श्वेतद्रव्यातील (मेंदूतील मज्जातंतूंच्या पांढरट भागातील) उजळ भाग’ असे लिहितो आणि पहिल्या उल्लेखात ‘एमआरआयच्या प्रतिमेत’ हे शब्द जोडतो.

या शब्दाचा इतिहास आपल्या आढाव्यात अवश्य यावा. कॅनडातील मेंदूविकारतज्ज्ञ व्लादिमिर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ग्रीक धातूंवरून ‘ल्युकोअरायोसिस’ हे नाव घडवले. ‘श्वेत’ आणि ‘विरळ’ हे त्याचे दोन घटक. मराठीत ‘श्वेतविरलता’ हा त्याचा सुरेख प्रतिशब्द होतो. पुढे एकाच गोष्टीला निरनिराळे अभ्यासगट निरनिराळी नावे देत राहिल्याने निष्कर्षांची तुलना करणे अवघड झाले. २०१३ मध्ये एडिनबरोच्या जोआना वॉर्डलॉ यांच्या पुढाकाराने ‘स्ट्राइव्ह’ हे आंतरराष्ट्रीय परिभाषा-निकष प्रसिद्ध झाले आणि २०२३ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. उजळ भागांच्या नावामागे त्यांनी ‘रक्तवाहिन्यांमुळे झाला असावा असे मानलेला’ या अर्थाची पुस्ती जोडली. ती भाषांतरात गाळू नये. ‘रक्तवाहिन्यांमुळे झालेला’ असे लिहिले की अनुमानाचा निष्कर्ष होतो.

‘लॅक्यून’ हा शब्द लॅटिनमधील खड्डा किंवा डबके या अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमध्ये आला. फ्रेंच वैद्य आमेदे देशाम्ब्र यांनी १८३८ मध्ये तो मेंदूतील लहान पोकळ्यांसाठी वापरला आणि मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी १९६० च्या दशकात शवविच्छेदनातून त्यामागच्या रोहिण्यांचा माग काढला. ‘खळगा’ पृष्ठभागावर असतो, ‘विवर’ आता आकाशाने घेतले आहे, नुसती ‘पोकळी’ रिकामी वाटते. ‘लॅक्यून’ हाच शब्द ठेवून ‘सुमारे ३ ते १५ मिलिमीटर व्यासाची, द्रवाने भरलेली पोकळी’ असे एकदा स्पष्ट करावे. ३ मिलिमीटरची खालची मर्यादा महत्त्वाची आहे, कारण त्याहून लहान दिसते ते बहुधा रक्तवाहिनीभोवतीचे द्रवाचे अवकाश असते. पूर्वी त्याकडे फारसे कोणी पाहत नसे. मेंदूतील टाकाऊ द्रव्ये वाहून नेणाऱ्या ‘ग्लिम्फॅटिक’ व्यवस्थेची कल्पना २०१२ मध्ये मांडली गेल्यापासून हेच अवकाश अभ्यासाच्या केंद्राकडे सरकले आहे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘ट्रेंड्स’साठी मी ‘प्रवृत्ती’ लिहिले होते. आणि ‘सायलेंट’ झटक्याला, म्हणजे लक्षणे न जाणवता येऊन गेलेल्या पक्षाघाताच्या झटक्याला, ‘मूक’ म्हणावे का?

प्रतिसाद

‘प्रवृत्ती’ माणसाची असते. संशोधनाचा ‘कल’ असतो. तराजूचे पारडे कलते तसा अभ्यासाचा ओढा कोणत्या बाजूला आहे, एवढेच तो शब्द सांगतो, आणि शोधनिबंधांची संख्या मोजून एवढेच सांगता येते. अमुक विषयावर निबंध वाढले म्हणजे उपचार जवळ आला, असा अर्थ वाचकाने काढू नये.

‘मूक’ टाळावे. अभ्यासकसुद्धा ‘सायलेंट’पासून दूर जात आहेत, कारण बारकाईने तपासल्यावर अशा अनेकांत चालण्यातला संथपणा किंवा विचारांची मंदावलेली गती आढळते. युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशनने २०२१ च्या मार्गदर्शिकेत ‘कोव्हर्ट’ हा शब्द वापरला. त्याला ‘छुपा’ म्हटले की कपटाची छटा येते. ‘न कळलेला झटका’ हे साधे आणि खरे आहे.

जाता जाता ‘रक्त पातळ करणारी गोळी’ या शब्दप्रयोगाकडेही लक्ष वेधतो. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलने रक्त पातळ होत नाही. रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटण्याचे प्रमाण कमी होते. ‘पातळ’ म्हटले की एकाऐवजी दोन गोळ्या अधिक चांगल्या, असे वाटू लागते. ‘एसपीएस-३’ या औषध-चाचणीत लॅक्यूनर झटका (बारीक रोहिणी बंद पडून येणारा) येऊन गेलेल्या ३,०२० जणांचा अभ्यास झाला आणि ॲस्पिरिनला क्लोपिडोग्रेलची दीर्घकाळ जोड दिल्याने पुढचे झटके लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत, उलट रक्तस्राव आणि मृत्यू वाढले, असे २०१२ मध्ये जाहीर झाले. आपल्या आढाव्यात या गोळ्यांना ‘गुठळी रोखणाऱ्या’ म्हणावे. ‘गाठ’ हा शब्द तिथेही नको, कारण मेंदूतील गाठ म्हणजे आपल्याकडे कर्करोगच समजला जातो.