महिन्याच्या वाचनाची वही: लिहावी का, आणि कॉमिक्स तिच्यात धरावीत का?

शेवटचं पान

२०११ पासून दर महिन्याच्या शेवटच्या रात्री मी वाचनाची वही उघडते. सुरुवात झाली ती एका रहस्यकादंबरीमुळे. वाचनालयातून आणलेली, चाळिसाव्या पानापर्यंत अगदी नवी वाटलेली, आणि तिथे एकदम खुनी कोण ते मला ठाऊकच झालं. दोन वर्षांपूर्वी मी ती वाचली होती. त्या रात्री मला स्वतःचा फार राग आला. आयुष्यातले दोन दिवस ज्या पुस्तकाला दिले, ते असं धुऊन निघतं?

तेव्हापासून प्रत्येक पुस्तकासाठी चार गोष्टी लिहिते: कधी सुरू केलं, कधी संपलं, कुठून आलं (विकत, वाचनालय, मैत्रिणीकडून) आणि दोन ओळी. या दोन ओळींत कथानक लिहायचं नाही, वाचता वाचता मी कुठे थांबले ते लिहायचं.

धागा काढण्याचं कारण दोन गोष्टी आहेत. माझी त्यावर ठाम मतं आहेत, पण ती घरात कुणालाच पटत नाहीत.

पहिली, बेरीज करू नये. २०१६ पर्यंत मी पानाखाली आकडा लिहायचे. त्या वर्षी डिसेंबरात साठ पूर्ण करायला चार कमी पडत होती, तर मी कपाटातून मुद्दाम बारीक पुस्तकं शोधून काढली. त्यात 'रणांगण' होतं. १९३९ सालची ती कादंबरी छोटी असली, तरी युद्ध तोंडावर असताना युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवरची ती माणसं घाईघाईत भेटण्यासारखी नाहीत. मी ती संख्येसाठी वाचली आणि मला काहीच मिळालं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा वाचली तेव्हा कळलं मी काय केलं होतं. त्यानंतर आकडा बंद.

दुसरी, कॉमिक्स त्याच यादीत, त्याच शाईनं लिहावीत. आपल्या पिढीनं उन्हाळ्याच्या सुट्टीत चार आणे रोजानं आणून जी इंद्रजाल कॉमिक्स वाचली, त्यांची नोंद कुणाकडे आहे? १९६४ पासून १९९० पर्यंत ती निघत होती. वेताळ, मँड्रेक, नंतर बहादूर. माझ्या वाचनाची खरी सुरुवात तिथे आहे आणि त्यातलं एक नावसुद्धा मला सांगता येत नाही. सगळी रद्दीत गेली. कादंबरीचं नाव निदान वाचनालयाच्या कार्डावर तरी राहायचं.

तुम्ही नोंद ठेवता का? आणि ठेवत नसाल तर का नाही?

उंबरठा

ठेवत नाही, आणि ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

महिना हे पगाराचं आणि दूधवाल्याचं माप आहे. कालनिर्णयच्या चौकटीत 'एक लिटर', 'खाडा' लिहितो, ते ठीक. कादंबरी महिन्यात बसत नाही. नेमाड्यांची 'हिंदू' २०१० मध्ये आली तेव्हा मला ती वाचायला अडीच महिने लागले. सहाशे पानांवरची आहे, आणि मी अनेकदा मागे जाऊन तीच पानं परत वाचत होते. तुमच्या वहीत माझे दोन महिने कोरे दिसले असते. प्रत्यक्षात ते माझ्या वाचनाचे सर्वांत भरलेले महिने होते.

मीही एकदा फोनवर वर्षाचं लक्ष्य लावून बघितलं होतं. दर आठवड्याला 'तुम्ही दोन पुस्तकं मागे आहात' असं यायचं. कुणाच्या मागे? मी वाचताना उरलेली पानं अंगठ्यानं चाचपायला लागले. ती सवय मोडायला वर्ष गेलं.

माझ्या आईनं कधीही काही लिहून ठेवलं नाही. 'स्वामी' तिनं लग्नाआधी वाचलेली. रमा-माधवाचं सगळं ती आम्हाला स्वयंपाक करता करता सांगायची, काही प्रसंग तिनं स्वतःच वाढवलेले असावेत. जे उरलं ते तिचं झालं. वहीत लिहून ठेवलं की डोकं मोकळं होतं, आणि पुस्तकाच्या बाबतीत डोकं मोकळं होणं मला नको आहे.

शेवटचं पान

उंबरठा, लक्ष्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण कोऱ्या महिन्यांचं उत्तर आपल्या जुन्या खतावण्यांतच आहे: 'मागील पानावरून पुढे चालू'. माझ्या वहीत एक कादंबरी सलग पाच महिने अशी पुढे ओढलेली आहे. दर महिन्याला तिच्यापुढे एक ओळ आहे, आणि त्या पाच ओळी संपूर्ण वहीत मला सर्वांत प्रिय आहेत. महिना हे माप म्हणून वापरत नाही मी. वही उघडायची आठवण राहावी एवढाच त्याचा उपयोग.

निवृत्त ग्रंथपाल

तालुक्याच्या वाचनालयात ३१ वर्षं काढली. नोंद हा माझा धर्म आहे असं म्हटलं तरी चालेल.

एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे नियमित येणाऱ्या बऱ्याच वाचकांची आपापली खूण असायची. कुणी सतराव्या पानावर आकड्याखाली पेन्सिलीनं टिंब द्यायचं, कुणी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक चांदणी. पुस्तक हातात घेतलं की थेट ते पान उघडायचं, खूण असली की परत फडताळात. नियमात बसत नव्हतं, पण मी त्यांना कधी टोकलं नाही. एकेका जुन्या कादंबरीच्या सतराव्या पानावर पाच-सहा टिंबं दिसायची. वाचणारे बरेचसे गेले असतील, टिंबं आहेत. म्हणजे नोंद ठेवण्याची गरज माणसाला वही मिळण्याआधीपासून आहे.

पण धागाकर्तीच्या दुसऱ्या मुद्द्याला माझा विरोध आहे. अमर चित्र कथेचा अंक ३२ पानांचा. चौथीतला मुलगा वीस मिनिटांत संपवतो. १९६७ साली अनंत पै यांनी ही मालिका सुरू केली तिचे उपकार मी मानतो, पुराणातली नावं मुलांच्या तोंडी तिनंच आणली. तरीही 'मृत्युंजय' आणि ३२ पानी कर्ण एकाखाली एक लिहिले तर वही खोटं बोलते. पुढे कुणी ती बघेल तर त्याला वाटेल दोन्हींना सारखाच वेळ दिला. आमच्याकडे चित्रकथा बालविभागात वेगळ्या नोंदवहीत असायच्या, आणि त्यात कमीपणा नव्हता. जात वेगळी म्हणून कप्पा वेगळा.

गोंदण

काका, आदर राखून पूर्ण असहमत. 'बालविभाग' या एका शब्दानं मराठी वाचकाचं फार नुकसान केलंय.

'भीमायन' घ्या. २०११ चं पुस्तक. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी बाबासाहेबांचं आयुष्य चितारलंय. त्यात चौकोनी चौकटी नाहीतच. गोंड भिंतीवर काढतात त्या दिग्ण्याच्या नक्षीनं पान वळणावळणानं विभागलेलं आहे. आणि बोलण्याचे फुगे बघा. ज्याच्या तोंडून जातीचं विष येतं त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. साध्या, मायेच्या माणसाचं बोलणं पाखराच्या आकारात. मी ते पुस्तक दीड तासात 'वाचलं'. मग परत पहिल्यापासून फक्त फुगे बघत गेले. मग फक्त पाणी: विहीर, तळं, मासे. तिसऱ्या दिवशीही ते माझ्या उशाशीच होतं. वेळ मोजायचाच तर नेमका कुठला?

आणि आर्ट स्पीगलमनचं 'माउस'. ज्यू उंदीर, नाझी मांजरं. दोन भाग, १९८६ आणि १९९१, आणि १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार. ते कुठल्या बालविभागात ठेवणार तुम्ही?

कॉमिकची नोंद वेगळी असावी हे मात्र मला मान्य आहे, पण कारण दुसरं आहे. तिथे दोन ओळी पुरत नाहीत. मी नोंदीत एखादी चौकट पेन्सिलीनं उतरवते. मला चित्र येत नाही, तरी हात त्या रेषेवरून गेला की ती चौकट लक्षात राहते.

निवृत्त ग्रंथपाल

'भीमायन' मी बघितलेलं नाही. बघेन. विंचवाच्या नांगीचं वर्णन वाचून माझा कप्पा थोडा हलला हे कबूल. पण अपवाद दाखवून नियम मोडत नाही, आणि माझ्या नोंदवहीत ते चरित्रातच गेलं असतं.

भरती-ओहोटी

ताई, काका, मी १९ वर्षांचा आहे, रत्नागिरीत कॉलेजला. माझी अडचण वेगळीच आहे.

मी मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचतो. 'वन पीस' १९९७ पासून चालू आहे, शंभराच्या वर खंड झालेत. मे महिन्यात मी त्यातले २२ खंड वाचले. आता ही २२ पुस्तकं का एक? माझा मित्र २२ लिहितो आणि वर्षाला दोनशे पुस्तकांचं चित्र सगळ्यांना पाठवतो. मला ते खटकतं. पण 'एक' लिहिलं तर अख्खा महिना मी काय केलं ते दिसतच नाही.

मी कथाभागानुसार लिहायला लागलोय. एक बेट, एक लढाई, एक नोंद, आणि पुढे खंडांचे आकडे. माझ्यासाठी नोंद ही आठवणीची गोष्ट नाहीच, ती वाट न चुकण्याची आहे. परीक्षेसाठी दोन महिने सोडलं की कोण कुणाच्या बाजूला होतं तेच विसरायला होतं. नोंद नसती तर मी ही मालिका केव्हाच सोडली असती.

उंबरठा ताई म्हणतात जे उरतं ते आपलं. पण इतकी लांब गोष्ट नोंदीशिवाय उरायच्या आधीच हातातून सुटते.

शेवटचं पान

भरती-ओहोटी, कथाभागाची युक्ती फार आवडली. दिवाळी अंकांसाठी मी हेच करते. १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून आपल्याकडे एका जाड अंकात कथा, कविता, लेख आणि कधी कधी अख्खी कादंबरी असते. 'अमुक अंक वाचला' या नोंदीला अर्थ नाही. मी कादंबरी स्वतंत्र लिहिते, लेखकाच्या नावानं, आणि कंसात अंकाचं नाव. नंतर पुस्तक निघालं की त्याच ओळीत ते वाढवते. एका कादंबरीचा शेवट अंकात वेगळा होता आणि पुस्तकात बदललेला, हे मला वहीमुळेच कळलं.

सातासमुद्रापार

आम्ही डब्लिनजवळ राहतो. इथे मराठी पुस्तक म्हणजे २३ किलोच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशी भांडून आणलेली वस्तू. आम्हा सात-आठ घरांत ती फिरतात. माझी यादी 'काय वाचलं' यापेक्षा 'कुणाकडे आहे' याची आहे, महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना पाठवते.

त्यातून एक गोष्ट कळली. मोठ्यांच्या कादंबऱ्या वर्षातून एकदोन घरं फिरतात. 'चिंटू'ची पुस्तकं मात्र कधीच घरी नसतात. १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झालेला तो मुलगा इथल्या, मराठी अडखळत वाचणाऱ्या मुलांच्या हातात आहे. तीन-चार चौकटी, दोन वाक्यं, आणि आजीसारखं बोलणं. माझ्या मुलीनं मराठीत स्वतःहून वाचलेलं पहिलं वाक्य त्यातलं आहे. यादीत मी ते तारखेसकट लिहिलंय. काका, ही नोंद तुम्ही कुठल्याही विभागात ठेवा, पण माझ्या यादीतली सर्वांत मोठी नोंद तीच आहे.

कानसेन

स्वयंपाक, प्रवास, इस्त्री. माझं निम्मं 'वाचन' ऐकून होतं. मी ते वहीत धरतो, शेजारी 'ऐकलं' लिहितो. लोकांना त्याचाही राग येतो. कीर्तन ऐकणाऱ्याला कुणी 'तू ज्ञानेश्वरी मोजू नकोस' म्हटलं नव्हतं.

उंबरठा

सगळे प्रतिसाद वाचले. कॉमिक्सबद्दल माझं कधीच भांडण नव्हतं, 'चिंटू'ची नोंद वाचून तर डोळे भरले. भरती-ओहोटी, तुझ्या मालिकेला नोंद लागते हेही पटलं. वाटेत खुणेचे दगड लागतातच.

पण स्वतःपुरतं माझं उत्तर 'नाही'च आहे, आणि आता कारण जास्त नीट सांगता येईल. मी सध्या 'बनगरवाडी' परत वाचते आहे. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा, ठाऊक नाही. मागच्या वेळी मला काय वाटलं होतं हेही ठाऊक नाही, आणि म्हणूनच मी त्या मास्तराबरोबर कोऱ्या मनानं त्या गावात शिरू शकते. माझंच जुनं मत शेजारी लिहिलेलं असतं, तर मी पुस्तकाआधी ते तपासलं असतं. मला माझ्या तरुणपणीच्या मताचं ओझं नको आहे.

शेवटचं पान

उंबरठा, तुमच्या या मुद्द्याला माझ्याकडे वाद घालण्यासारखं काही नाही. म्हणून वही काढली. 'बनगरवाडी' माझ्याकडे तीनदा आहे. आहे तसं उतरवते.

जून २०१२, वाचनालय. 'नव्या गावी एकटा निघालेला पोरगेला मास्तर. मला पहिल्या नोकरीची भीती आठवली. बाकी गाव धूसर.'

ऑक्टोबर २०१७, विकत घेतली. 'मास्तर या वेळी दिसलाच नाही. कारभारी. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं कमी होत जातं तसं. आप्पा गेल्याला चार महिने.'

एप्रिल २०२३, तीच प्रत. 'दुष्काळ. मेंढरं. गाव उठून गेल्यावर रिकामी शाळा. शेवटची दहा पानं दोनदा वाचली, खिडकीबाहेर टँकर उभा होता.'

उंबरठा

आप्पा म्हणजे तुमचे वडील?

शेवटचं पान

हो. ते धनगरवाड्यावरच्या शाळेत सहा वर्षं होते. हे मी २०१२ मध्ये त्यांना विचारलं नव्हतं.