पुलाच्या जॉइंटवर बाबा पडले, रूळवाले म्हणतात रस्तेवाल्यांकडे जा. नक्की जबाबदार कोण?

तालुक्याचा_पोरगा
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण कृपया वाचा. आमच्या गावाबाहेर आधी रेल्वेचं फाटक होतं, ते बंद करून वरून पूल झाला त्याला आता बरीच वर्षं झाली. पूल चढून गेलं की जिथे रुळावरचा भाग सुरू होतो तिथे आडवी लोखंडी पट्टी आहे, ती एका बाजूने उचकटून वर आलीये आणि तिच्यापुढे वीतभर रुंदीचा खड्डा. महिन्यापूर्वी बाबा संध्याकाळी स्कूटरवरून येत होते, पाऊस होता, खड्ड्यात पाणी त्यामुळे दिसला नाही, चाक अडकलं आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, अजून वॉकर धरून चालतायत. वय 63.

आता मी रूळवाल्यांच्या ऑफिसात गेलो तर तिथले साहेब म्हणाले वरचा रस्ता आमचा नाही. रस्तेवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले रुळाच्या वरच्या भागाला आम्ही हातसुद्धा लावू शकत नाही, तिकडेच जा. दोघंही नीट बोलले, चहा पण विचारला, पण कागदावर लिहून द्यायला कोणी तयार नाही. पट्टी अजून तशीच आहे, रोज शाळेची पोरं सायकलवरून जातात तिथून. नक्की कोणाच्या मागे लागायचं? कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

जुना_पूलवाला
वडिलांना लवकर आराम पडो. मी 31 वर्षं पुलांच्याच कामावर होतो, आता रिटायर आहे, म्हणून आधी हे दोन-दोन मालक कुठून आले ते सांगतो.

फाटकावरून दिवसाला किती रेल्वेगाड्या आणि किती वाहनं जातात त्यांचा गुणाकार करतात, त्याला टीव्हीयू म्हणतात. तो 1 लाखाच्या वर गेला की पूल मंजूर व्हायचा आणि खर्च रेल्वे आणि राज्य सरकार अर्धा-अर्धा. बांधायची पद्धत अशी की रुळांच्या डोक्यावरचा गाळा (दोन खांबांमधला भाग) रेल्वे बांधणार कारण खालून गाड्या चालू असतात, ब्लॉक घ्यावा लागतो म्हणजे कामापुरत्या गाड्या थांबवाव्या लागतात, आणि दोन्ही बाजूंचे चढ-उतार रस्त्याचं खातं बांधणार. म्हणजे तुम्हाला आम्हाला एकच पूल दिसतो पण कागदावर ते तीन तुकडे असतात. त्यातही गाळ्याचा सांगाडा रेल्वेने सांभाळायचा आणि त्याच गाळ्यावरचा डांबराचा थर बहुतेक ठिकाणी रस्तेवाल्यांनी. तुमच्या वडिलांचं चाक जिथे अडकलं तो जॉइंट बरोब्बर सरहद्दीवर बसतो, एका बाजूचं काँक्रीट एकाचं आणि दुसऱ्या बाजूचं दुसऱ्याचं. भांडण नेहमी तिथेच होतं, मी स्वतः साइटवर टेप धरून उभे असलेले दोन इंजिनिअर पाहिलेत, अर्धा तास वाद आणि वरून ट्रक जातायत.

पण याचा कागद असतो. पूल बांधायच्या आधी दोन्ही खात्यांचा करार होतो आणि जीएडी नावाचा नकाशा असतो, त्याच्यावर दोघांच्या सह्या. तो मिळवा. पुलाखाली जाऊन खांबावर रंगवलेला पुलाचा नंबर आणि किलोमीटर लिहून घ्या (रुळावर उतरू नका, बाजूने दिसतं), नंबर असला की फाइल शोधायला त्यांना वेळ लागत नाही.

अंधेरी_पूर्व
तालुक्याचं सोडा, इथे मुंबईत काय वेगळं आहे. आमचा अंधेरीचा गोखले पूल 3 जुलै 2018 ला सकाळी पडला, म्हणजे त्याचा फूटपाथचा भाग थेट पश्चिम रेल्वेच्या रुळांवर आला. लोकल येत होती, मोटरमनने ब्रेक मारून थांबवली नाहीतर काय झालं असतं विचार करवत नाही. पाच जण जखमी झाले, त्यातले दोघं नंतर गेले. आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत टीव्हीवर वाद सुरू, रेल्वे म्हणते पूल महापालिकेचा, महापालिका म्हणते आम्ही देखभालीचे पैसे रेल्वेला दिलेत. नंतर रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी झाली तेव्हा निघालं काय तर फूटपाथ ज्या लोखंडी ब्रॅकेटवर होता ते गंजलेले आणि वर वर्षानुवर्षं पेव्हर ब्लॉक, रेती, केबल यांचं ओझं चढवलेलं. म्हणजे खालचं गंजलेलं एकाने बघायचं आणि वरचं ओझं दुसऱ्याने, दोघांनीही बघितलं नाही.

मग 7 नोव्हेंबर 2022 ला पूल धोकादायक म्हणून बंद केला तर तो पाडायचा कोणी यावरून परत तेच सुरू. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नवा पूल अर्धा उघडला तर तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला जुळेना, दीड-दोन मीटर वरखाली! मला त्या दिवशी खरंच रडायला आलं, माझी आई रोज त्या रस्त्याने डायलिसिसला जायची आणि बंद पुलामुळे रिक्षाला पाऊण तास जास्त लागायचा. जीव गेला ते दोघं सोडाच, या भांडणाची किंमत असे हजारो लोक देत असतात ज्यांचं नाव कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

वकील_ताई
@तालुक्याचा_पोरगा, मी कोर्टात अशा केसेस करते. सर्वात आधी हे डोक्यातून काढा की जबाबदार कोण हे तुम्ही शोधून द्यायचं आहे. तुम्ही दोघांवर एकत्र दावा करू शकता आणि कोणाचा किती वाटा हे त्यांनी आपसात भांडावं. 2015 चा सुप्रीम कोर्टाचा खेन्येई निकाल आहे, तो गाड्यांच्या अपघातातला आहे पण तत्त्व हेच, दोघांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली तर तिसरा दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो.

रेल्वेबद्दल 1997 चा निकाल बघा, युनियन ऑफ इंडिया विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स. केरळात 1979 मध्ये बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर प्रवाशांनी भरलेल्या गाडीला ट्रेनने उडवलं होतं. तिथे कोर्टाने सांगितलं की कायद्याच्या कलमात लिहिलेलं असो नसो, लोक जिथून रूळ ओलांडतात तिथे काळजी घेणं हे रेल्वेचं कर्तव्यच आहे, आणि ड्रायव्हर चुकला म्हणून आत बसलेल्या प्रवाशांची भरपाई कापता येत नाही.

आता कामाचं. हॉस्पिटलमध्ये एमएलसी (अपघाताची पोलिसांसाठी केलेली नोंद) झाली असेल तर कॉपी घ्या, नसेल तर पोलीस स्टेशनला अर्ज देऊन नोंद करा, उशीर झाला तरी करा. पट्टीचे फोटो आजच काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, कारण तक्रार गेली की रातोरात डांबर पडतं आणि पुरावा जातो. माहिती अधिकाराचे दोन अर्ज टाका, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. फक्त करार, जीएडी आणि जॉइंटच्या शेवटच्या तपासणीची नोंद मागा, बाकी गोष्ट लिहू नका. सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते, रेल्वेची असेल तर ती त्या झोनच्या जनरल मॅनेजरच्या नावे जाते, डिव्हिजनच्या साहेबाला देऊन चालत नाही. बऱ्याच केसेस याच एका चुकीने लांबतात.

आणि ऑक्टोबर 2025 चा मुंबई हायकोर्टाचा खड्ड्यांवरचा आदेश आहे, खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर 6 लाख, जखमी झालं तर जखम बघून 50 हजार ते अडीच लाख. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा तुमची केस त्यात बसते का. त्यांच्या निकषांत बसलात तर तिथे वकिलाची फी लागत नाही.

गेटमनचा_मुलगा
विषय पुलाचा आहे तरी लिहितो कारण फाटकावर याच्यापेक्षा वाईट होतं, तिथे दोन खाती भांडतात आणि शेवटी सगळ्यात खालचा माणूस अडकतो. वडील गेटमन होते. साध्या फाटकावर, म्हणजे जिथे इंटरलॉकिंग (गेट लागल्याशिवाय सिग्नल पडूच नये अशी यंत्रणा) नाही, तिथे स्टेशन मास्तरचा फोन येतो, गेट लावायचं आणि प्रायव्हेट नंबरची (गेट लागलं याची खूण म्हणून सांगायचा गुप्त आकडा) देवाणघेवाण करायची, मग सिग्नल पडतो. सगळं एका माणसाच्या शब्दावर. आणि बाहेर वीस गाड्यांचे हॉर्न, शिव्या, एकदा तर दगड. बंद गेट जबरदस्तीने उघडलं तर रेल्वे कायद्याच्या कलम 160 ने तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे पण ते कोणाला माहितीये.

8 जुलै 2025 ला तामिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या व्हॅनला फाटकावर पॅसेंजर ट्रेनने उडवलं, तीन मुलं गेली. पहिल्या दिवशीच्या पत्रकात रेल्वे म्हणाली व्हॅनच्या ड्रायव्हरने आग्रह करून गेट उघडायला लावलं, व्हॅनमधले म्हणाले गेट उघडंच होतं. गेटमन सस्पेंड झाला, अटक झाली. त्याची चूक असेल तर शिक्षा व्हावी, मी त्याची बाजू घेत नाहीये. पण त्याच पत्रकात रेल्वेने असंही म्हटलं होतं की तिथे भुयारी मार्ग मंजूर आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी वर्षभर मिळाली नाही. मग त्या वर्षभराचं काय? 2012 मध्ये आपल्या अनिल काकोडकरांच्या समितीने सांगितलं होतं की पाच वर्षांत सगळी फाटकं काढा. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं जानेवारी 2019 पर्यंत संपवली, हे खरंच चांगलं काम झालं. पण माणूस असलेली अजून हजारो आहेत.

तालुक्याचा_पोरगा
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. फोटो काढले आज सकाळी, पट्टी रस्त्याच्या वर साडेपाच सेंटीमीटर आलीये. खांबावरचा नंबर पण मिळाला. एक भीती आहे, बाबांनी हेल्मेट घातलं नव्हतं. केस तिथेच संपते का?

वकील_ताई
नाही संपत. समोरचे तो मुद्दा काढतील हे नक्की, पण डोक्याला मार असता तर वेगळं होतं, खुब्याच्या हाडाशी हेल्मेटचा काय संबंध. विचारलं तर खरं सांगा, लपवू नका.

जुना_पूलवाला
नंबर मला मेसेज करा, अर्जात काय शब्द वापरायचे ते लिहून देतो. आणि तोवर त्या पट्टीपाशी लाल कापड बांधलेली काठी नाहीतर रंगवलेला ड्रम ठेवा हो कोणीतरी, पोरं सायकलवर असतात म्हणालात.

तालुक्याचा_पोरगा
ठेवला काका. शेजारच्या पंक्चरवाल्याने त्याचं जुनं टायर दिलं, पांढरा रंग मारून लावलंय, रात्री हेडलाइटमध्ये दिसतं. नंबर पाठवतो.