सिमेंट वाढवलं की शिसं जास्तच सुटतंय, हे कसं काय?

गाळमास्तर:
प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा चढवायच्या) कामातला गाळ सिमेंटमध्ये घट्ट बांधून त्यातले धातू अडकवायच्या ट्रायल चालू आहेत. गाळात जस्त भरपूर, त्याखालोखाल शिसं आणि क्रोमियम. साधं पोर्टलँड सिमेंट घालून क्यूब टाकले तर ते सेटच होईनात, बोट दाबलं की आत जातंय. म्हणून सिमेंट वाढवलं, आता क्यूब चांगला कडक झालाय पण टीसीएलपीत (धातू किती सुटतात ते बघायची आम्लाच्या द्रावातली टेस्ट) शिसं आधीपेक्षा जास्त आलं, ५ मिग्रॅ प्रति लिटरच्या वर, आणि क्रोमियम तर कशानेच हलत नाही. ताकद वाढली की लीचिंग (धातू विरघळून बाहेर येणं) कमी व्हायला पाहिजे ना?

चुनखडी:
नाही. टीसीएलपीत सँपल ९.५ मिमीच्या खाली फोडूनच घेतात, वीसपट द्रावात १८ तास फिरवतात, मग क्यूब किती कडक होता याला तिथे फारशी किंमत उरत नाही. टेस्टनंतर द्रावाचा पीएच किती आला ते बघितलंत का? रिपोर्टमध्ये बहुतेक लोक लिहीतच नाहीत आणि खरी गोष्ट तिथेच असते. शिसं आणि जस्त दोन्ही उभयधर्मी, म्हणजे आम्लातही विरघळतात आणि अल्कलीतही, पीएच ९-१० च्या आसपास सगळ्यात कमी विरघळतात, पण १२ च्या वर गेलं की हायड्रॉक्साइड परत विरघळायला लागतं. तुम्ही सिमेंट वाढवलं म्हणजे अल्कली वाढवली, टेस्टमधलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड तिला पुरलं नाही, पीएच वरच राहिला आणि शिसं सुटलं. सिमेंट कमी करून बघा, किंवा थोडं काढून त्या जागी स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घाला. फॉस्फेटनेही शिसं फार घट्ट धरलं जातं, फक्त त्याने सेटिंग अजून लांबतं, आणि तुमचा गाळ आधीच रुसलेला आहे.

गाळमास्तर:
पीएच आत्ता काढला, १२.३ आहे. म्हणजे तसंच दिसतंय. पण सेट न होण्याचं काय? आणि क्रोमियम?

जस्तावरचा_माणूस:
सेट न होणं हे जस्ताचं काम. सिमेंटच्या कणांवर कॅल्शियम झिंकेटचा थर बसतो आणि हायड्रेशन (सिमेंटची पाण्याशी होणारी अभिक्रिया) अडकून पडतं. गाळात आधी चुना मिसळून थोडा वेळ द्या, म्हणजे झिंकेट व्हायचं ते तिथेच होऊन जातं, सिमेंट नंतर घाला. कॅल्शियम क्लोराइडनेही फरक पडतो. चुना मात्र बेताने, नाहीतर वर चुनखडी यांनी सांगितलेलं पीएचचं दुखणं परत मागे लागेल. गाळात तेल-ग्रीस असेल तर तेही बघा, त्यानेही सेटिंग बिघडतं.

चुनखडी:
क्रोमियमबद्दल, हेक्स क्रोम (षट्संयुजी क्रोमियम) असेल तर सिमेंट किती पण ओता, काही होणार नाही. ते क्रोमेट म्हणून ऋण आयन असतं, हायड्रॉक्साइड होऊन खाली बसत नाही. एट्रिंगाइटमध्ये (सिमेंट सेट होताना बनणारं सल्फेटवालं खनिज) सल्फेटच्या जागी थोडं शिरतं, पण त्यावर विसंबू नका. आधी रिड्यूस करून त्रिसंयुजी करा, मग सिमेंट. रिड्यूस करायला मेटाबायसल्फाइट पीएच २-३ ला नीट चालतं, पण तुमच्या गाळाला आम्ल दिलं तर जस्त-शिसं परत पाण्यात येतील आणि वर सल्फर डायऑक्साइड सुटेल तो वेगळाच. त्यापेक्षा फेरस सल्फेट बरं, ते अल्कलीतही काम करतं. एका मोल क्रोमियमला तीन मोल लोह हा कागदावरचा हिशोब झाला, हवेने फेरस खराब होतं म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतं.

जस्तावरचा_माणूस:
फेरस सल्फेट जास्त झालं तर नंतर एट्रिंगाइट फुगून क्यूबला तडे जातात, तेही लक्षात ठेवा. काही महिन्यांनी परत एकदा बघायचेच.

गाळमास्तर:
म्हणजे क्रम असा, फेरस, मग चुना, मग थोडं स्लॅग मिसळलेलं सिमेंट. टँक लीचिंग (क्यूब न फोडता पाण्यात बुडवून ठेवायची टेस्ट) पण लावू का अखंड क्यूबवर?

चुनखडी:
लावा, आतून किती वेगाने बाहेर येतंय ते फक्त त्यातच कळतं. आणि पाणी मधून मधून बदलताना दरवेळी पीएच लिहून ठेवा.