मारुती ८००: चोर्ला चढून आलं की ऑईलचा दिवा लुकलुकतो. पंप बदलायचा का?

डिचोलीकर
१९९७ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. साखळी-केरीवरून चोर्ला घाट चढून वर थांबलं की आयडलिंगला तांबडा दिवा लुकलुकतो, जरा रेस दिली की विझतो. सकाळी थंड इंजिनवर काहीच नाही. तेल २०डब्ल्यू-४०, काडीवर वरच्या खुणेपर्यंत. फिल्टर दोन महिन्यांपूर्वी बदललाय. गरम झाल्यावर टॅपेटचा आवाज पूर्वीपेक्षा जास्त येतो. गॅरेजमध्ये काही न तपासताच "पंप गेला" म्हणाले. आधी काय बघू?

पाना_फोंडा
पंपाला अजून हात लावू नका. पंप नुसतं तेल ढकलतो. प्रेशर होतं ते क्रँकच्या (इंजिनाचा फिरता मुख्य दांडा) मेन आणि बिग एंड बेरिंगच्या बारीक फटीत तेल अडतं म्हणून. ती फट वाढली असेल तर नवाकोरा पंप घालूनही गरम आयडलिंगला दिवा लागणारच, आणि बेल्ट, चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) उघडण्याची मजुरी वाया जाईल.

आधी काडी काढून वास घ्या. तुमच्या गाडीत पेट्रोल पंप मेकॅनिकल आहे, हेडवर बसलेला. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल आत गळून चेंबरमध्ये उतरतं. तेल पातळ होतं आणि काडीवर पातळी कमी होण्याऐवजी वाढते. तेल न घालता पातळी वर गेली असेल तर पेट्रोल पंप बदला, तेल आणि फिल्टर बदला, मग पुन्हा बघा. बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं.

वास नसेल तर प्रेशर स्विच काढून त्याच भोकात मेकॅनिकल गेज लावा. आटे १/८ इंच बीएसपी टेपर (ब्रिटिश मापाचे) आहेत. दुकानात एनपीटीचा (अमेरिकन मापाचा) अडॅप्टर हातात देतात. तो दिसायला तसाच असतो, पण त्याला इंचाला २७ आटे आणि याला २८. दोन फेरे जातो आणि अडकतो. जोर लावलात तर ब्लॉकचे आटे गेले.

रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवा, मग आकडा घ्या. ३००० आरपीएमला ३ ते ४.२ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) हवं. दिवा साधारण ०.३ किलोच्या खाली लागतो, म्हणजे दिवा विझला तरी प्रेशर पुरेसं आहे असं समजू नका.

आयडलिंगला कमी पण ३००० ला बरोबर, तर संशय बेरिंगवर. दोन्हीकडे कमी, तर पंपाचे रोटर, उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) किंवा चेंबरमधली तेल गाळणारी जाळी, आणि जास्तच झिजलेली बेरिंगंही. सुरुवातीला छान आणि लांब रेसमध्ये हळूहळू पडतं, तर जाळीत गाळ. वळणावरच पडतं, तर तेल कमी.

वायरिंग_मडगाव
गेज लावताना स्विचची वायरही बघून घ्या. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवा गंज चढतो. चावी ऑन करून वायर स्विचवरून काढा. दिवा तरीही लागलेलाच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला घासतेय. विझला तर वायर ठीक, पण त्यावरून इंजिनाबद्दल काहीच कळत नाही.

डिचोलीकर
वायर ठीक आहे, पेट्रोलचा वास नाही. गरम इंजिनवर आयडलिंगला ०.४ किलो, ३००० ला १.८. थंड असताना आयडलिंगला ३ च्या वर.

पाना_फोंडा
दोन्हीकडे कमी आहे, आता चेंबर उतरवायलाच हवं. तेल काढा, एक्झॉस्ट पाइप आणि क्लच हाउसिंगची खालची प्लेट सोडा. चेंबरच्या तळाला चिऱ्याचा किंवा खड्ड्याचा मार बसून पोचा आला असेल तर तो वर जाळीला टेकतो आणि तेल ओढलं जात नाही. तो आधी ठोकून सरळ करा. जाळी केरोसीनने धुवा. जाळीच्या पाइपची ओ-रिंग कडक झाली असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो. ती नवीच टाका.

मग बिग एंडची एक कॅप उघडा, नंबर आणि दिशा खडूने नाही, पंचने खुणावून. शेल (बेरिंगचं अर्धं कडं) एकसारखं राखाडी असेल तर पुढे चला. ओरखडे, सोललेला थर, चट्टे दिसले तर इथेच थांबा. क्रँक लेथवर जाईल, ०.२५ अंडरसाइज बेरिंग लागतील, आणि त्याआधी पंप बदलण्यात अर्थ नाही.

डिचोलीकर
शेल स्वच्छ राखाडी आहे. चेंबरला पोचा नाही, जाळीत थोडाच गाळ होता.

पाना_फोंडा
मग आता पंप. या इंजिनात तो क्रँकच्या पुढच्या टोकावर, टायमिंग बेल्टच्या मागे असतो. बेल्ट काढण्याआधी खुणा जुळवून घ्या. क्रँकची टायमिंग पुली काढली की पंपाचे बोल्ट दिसतात. सगळे एका लांबीचे नसतात, पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून त्यात खोचून ठेवा.

जुना पंप उघडून मोजा. बाहेरचा रोटर आणि बॉडी यांच्यात फीलर गेज ०.३१ मिमीपेक्षा जास्त गेलं किंवा रोटरवर सपाट पट्टी ठेवून ०.१५ पेक्षा जास्त, तर पंप बाद. रिलीफ व्हॉल्व्हचा प्लंजर बोटाने ढकलल्यावर न अडखळता लोण्यासारखा सरकला पाहिजे. अडकत असेल तर त्याच्यावरच कचऱ्याची रेघ दिसेल.

नवा पंप कोरडा बसवू नका. रोटरमध्ये इंजिन ऑईल भरून हाताने फिरवा. पुढचं ऑईल सील पंपाच्याच बॉडीत असतं, नवं टाका आणि ओठाला तेल लावा. क्रँकच्या धारेवर ओठ दुमडला की आठवड्यात गळती. पंपाचं पॅकिंग चेंबरच्या बाजूला किंचित बाहेर येतं, ते ब्लेडने ब्लॉकच्या पातळीत कापा, नाहीतर तिथून चेंबर पाझरतो. पंपाचे आणि चेंबरचे ६ मिमीचे बोल्ट १ किलोग्रॅम-मीटर टॉर्कच्या आसपासच आवळा, ॲल्युमिनियम आहे. सिलिकॉन बारीक दोरीएवढंच लावा. आत लोंबलेला तुकडा सुटला की थेट जाळीत जातो.

बेल्ट आणि टेन्शनर याच वेळी नवे. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा बघा.

तेल भरल्यावर तिन्ही प्लग काढा, कॉइलची बारीक वायर सोडा आणि १० सेकंदांच्या टप्प्यांत सेल्फ मारा. गेजचा काटा हलल्याशिवाय इंजिन चालू करू नका. गेज इतक्यात काढूही नका. त्याची नळी एक्झॉस्टपासून लांब बांधा, चोर्ला एकदा चढा आणि वर गरम आयडलिंगचा आकडा इथे लिहा.